विश्लेषण : तान्ह्या बाळाला डांग्या खोकला होतो कुठून? घरातल्या मोठ्यांचा खोकला का महत्त्वाचा?

डांग्या खोकला हा आजी-आजोबांच्या काळातला आजार, लसीमुळे तो कधीच गेला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये २०२३ साली प्रयोगशाळेत निदान झालेले त्याचे रुग्ण हजाराच्याही आत होते. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १५ हजारांवर गेला आणि त्या वर्षात ११ तान्ही बाळे दगावली. अमेरिकेतही त्याच वर्षी ३५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. लसीकरणाची व्यवस्था उत्तम असलेल्या देशांतील हे चित्र आहे. भारतात बाळाला या आजाराविरुद्धची पहिली लस मिळते ती सहाव्या आठवड्यात. त्याआधीच्या दिवसांत जंतू बाळापर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी ‘साध्या’ खोकल्यातून. हे कसे घडते आणि ते थांबवता येते का, याचा हा आढावा.

डांग्या खोकला नेमका कशामुळे होतो?

‘बोर्डेटेला पर्ट्युसिस’ या जिवाणूमुळे. ज्यूल बोर्डे आणि ऑक्ताव्ह झांगू या बेल्जियमच्या संशोधकांनी १९०६ मध्ये तो प्रयोगशाळेत वेगळा केला. त्यातील बोर्डे यांना पुढे १९१९ चे नोबेल मिळाले. आजार मात्र त्याहून कितीतरी जुना. पॅरिसमधील १५७८ च्या साथीचे वर्णन उपलब्ध आहे.

हा जिवाणू श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला चिकटतो. या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते कफ, धूळ सतत वर ढकलत असतात. जिवाणूचे विष या तंतूंनाच निकामी करते. झाडूवालाच सुट्टीवर गेला की कचरा साचावा, तसा चिकट कफ साचतो आणि तो बाहेर काढायला शरीराकडे एकच उपाय उरतो : खोकणे. म्हणून खोकल्याची उबळ एकदा सुरू झाली की दहा-पंधरा ठसके एका श्वासात येतात. फुप्फुसे रिकामी होतात आणि मग हवा आत ओढताना ‘हूप’ असा आवाज येतो. अनेकदा उबळीच्या शेवटी उलटी होते. दोन उबळींच्या मध्ये मूल अगदी ठणठणीत वाटते, ही आणखी एक फसवी खूण.

आजार तीन टप्प्यांत पुढे सरकतो. संसर्गानंतर साधारण ७ ते १० दिवसांनी नाक गळणे, शिंका, हलका खोकला. हे एक-दोन आठवडे चालते. त्यानंतर उबळींचा टप्पा येतो, तो एक ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक टिकतो. मग हळूहळू उतार. जपानी भाषेत या आजाराला ‘शंभर दिवसांचा खोकला’ म्हणतात, त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

तान्ह्या बाळात तो ओळखू का येत नाही?

कारण ज्या ‘हूप’ आवाजावरून हा आजार ओळखायचा, तो काढण्याइतकी ताकदच तीन महिन्यांच्या आतल्या बाळात नसते. काही बाळे तर नीट खोकतही नाहीत. दूध पिता पिता थांबणे, चेहरा लाल होऊन मग ओठ-नखे काळीनिळी पडणे, काही सेकंद श्वासच न घेणे, अशीच सुरुवात होऊ शकते. घरच्यांना वाटते, बाळाला दूध अडकले. अमेरिकेतील आकडेवारीनुसार डांग्या खोकला झालेल्या एक वर्षाखालील दर तीन बाळांपैकी एकाला रुग्णालयात दाखल करावे लागते, आणि दाखल झालेल्या दर तिघांपैकी सुमारे दोघांमध्ये श्वास मध्येच थांबण्याचा प्रकार दिसतो. त्यातूनच मेंदूला ऑक्सिजन कमी पडणे, झटके, न्यूमोनिया ही गुंतागुंत निर्माण होते.

आणखी एक धोका रक्ताच्या तपासणीत दिसतो. जिवाणूच्या विषामुळे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडू शकत नाहीत आणि त्यांची संख्या प्रचंड वाढते. काही बाळांत ती इतकी वाढते की फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत पेशींची गर्दी होऊन तेथील दाब चढतो. अशा बाळाला अतिदक्षता विभागातही वाचवणे अवघड होते. याउलट, ताप मात्र फारसा नसतो. ‘ताप नाही, म्हणजे काही विशेष नाही’ हा घरगुती निकष इथे दगा देतो.

जगभरात २०१४ या एका वर्षात पाच वर्षांखालील २ कोटी ४१ लाख मुलांना हा आजार झाला आणि सुमारे १ लाख ६० हजार मुले दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. मृत्यूंचा सर्वाधिक धोका आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत असतो.

घरात तो इतक्या वेगाने कसा पसरतो?

संसर्गाचा वेग मोजण्यासाठी एक साधा आकडा वापरला जातो : कुणालाही प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देईल? डांग्या खोकल्यासाठी हा आकडा सहसा १२ ते १७ मानला जातो. गोवराच्या खालोखालचा. पण सरासरीपेक्षा घराचा हिशेब अधिक बोलका आहे. प्रतिकारशक्ती नसलेली माणसे रुग्णासोबत एकाच घरात राहत असतील, तर त्यातील ८० ते ९० टक्क्यांपर्यंत लोकांना संसर्ग होऊ शकतो. म्हणजे अशा चौघांपैकी तिघे तरी, आणि चौथा नशीबवान.

वेळेचा हिशेबही जंतूच्या बाजूने आहे. रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य असतो तो पहिल्या टप्प्यात, म्हणजे नुसती सर्दी वाटत असताना. ‘हा खोकला काहीतरी वेगळा आहे’ हे लक्षात येईपर्यंत दोन आठवडे गेलेले असतात. उपचार न घेतल्यास खोकला सुरू झाल्यापासून साधारण तीन आठवडे संसर्ग पसरत राहतो. समजा, शाळेतून एका मुलाने जंतू आणला. आठवडाभराने त्याला सर्दी होते. त्याच दिवसांत आई बाळाला घेऊन रुग्णालयातून घरी येते. मोठे भावंड कौतुकाने बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेते, आजीला खोकला लागतो, ती तो हवाबदलावर ढकलते. बाळ तीन-चार आठवड्यांचे होते तेव्हा घरात दोघे-तिघे खोकत असतात आणि एकाच्याही कागदावर डांग्या खोकल्याचे नाव नसते.

मोठ्यांमध्ये तो ओळखला न जाण्याचे कारण सोपे आहे. लहानपणीच्या लसीची किंवा जुन्या संसर्गाची थोडी प्रतिकारशक्ती शिल्लक असते. त्यामुळे ‘हूप’ येत नाही. येतो तो दोन-दोन महिने न हटणारा, रात्री ढास लागणारा कोरडा खोकला. ॲलर्जी, प्रदूषण, दमा, ॲसिडिटी अशी त्याची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. ती बऱ्याचदा बरोबरही असतात. पण घरात तान्हे बाळ असताना आणखी एक शक्यता तपासायला हवी, एवढेच.

बाळापर्यंत जंतू नेमका कोण पोहोचवतो?

या प्रश्नाचा माग अनेक देशांत काढला गेला. चार देशांतील रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्रोत सापडलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना संसर्ग आई किंवा वडिलांकडून झाला होता. भावंडांचा वाटा १६ टक्के, आजी-आजोबांचा ६ टक्के. पुढे अमेरिकेत २००६ ते २०१३ या काळातील रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा क्रम बदललेला दिसला. भावंडे पहिल्या क्रमांकावर, सुमारे ३५ टक्के; आई २१ टक्क्यांच्या आसपास; वडील १० टक्के.

हा बदल कुतूहलाचा आहे, कारण ती भावंडे बहुतांशी लस घेतलेल्या पिढीतली होती. लसीचा परिणाम शाळेच्या वयात ओसरू लागतो, हे त्यामागचे एक मोठे कारण.

महाराष्ट्रातील घरांची रचना या अभ्यासांत नाही, पण त्यांचा अर्थ इथे लावणे कठीण नाही. बाळंतपणासाठी माहेर, तिथे मामा-मावश्या, आजी-आजोबा. बाराव्या दिवशी बारसे. बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ. दुसरीकडे बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही, ही जुनी रीत. संसर्गाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे आणि गंमत म्हणजे सव्वा महिना संपतो तोच पहिल्या लसीचा दिवस जवळ येतो. अडचण एवढीच की बाळ बाहेर जात नसले, तरी बाहेरचे सगळे बाळाकडे येत असतात. त्यातच काही घरांत बाळाच्या खोलीत ओवा-शेपाची धुरी दिली जाते. नाजूक श्वासनलिकेला धुराचा त्रासच होतो.

लस असूनही आजार परत का येतो?

या लसीचा इतिहास घरांतूनच सुरू होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरात १९३२ च्या सुमारास पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन संशोधक दिवसभराची सरकारी प्रयोगशाळेतील नोकरी संपवून संध्याकाळी घरोघरी फिरत. ते महामंदीचे दिवस. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर त्या जिवाणू वाढवण्याची बशी धरत आणि मूल त्यावर खोकले की ती बशी घेऊन प्रयोगशाळेत परतत. मूल नेमके किती दिवस संसर्ग पसरवते, म्हणजे त्याला किती दिवस वेगळे ठेवायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यातूनच त्यांची लस उभी राहिली. पुढे घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसीसोबत ती ‘डीपीटी’ या नावाने जगभर गेली.

या लसीत मारलेला संपूर्ण जिवाणू असतो. त्यामुळे ताप येतो, मांडी सुजते, बाळ दिवसभर किरकिरते. १९७० च्या दशकात तिच्यावर मेंदूविकाराचा आरोप झाला. पुढील अभ्यासांत तो टिकला नाही, पण भीती पसरायची ती पसरली. ब्रिटनमध्ये लसीकरण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घसरले आणि पाठोपाठ मोठ्या साथी आल्या. जपानमध्ये लसीनंतर दोन बाळांचा मृत्यू झाल्यावर १९७५ मध्ये लस तात्पुरती थांबवण्यात आली. १९७४ साली जिथे जेमतेम चारशे रुग्ण होते, तिथे १९७९ मध्ये १३ हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर जपाननेच जिवाणूचे निवडक घटक वापरणारी, कमी ताप आणणारी नवी लस तयार करून १९८१ मध्ये वापरात आणली. पुढे अमेरिका-युरोपनेही तीच वाट धरली.

नवी लस सौम्य आहे, पण तिचे संरक्षण लवकर ओसरते. कॅलिफोर्नियातील मुलांच्या २०१२ मधील अभ्यासात पाचव्या मात्रेनंतर दरवर्षी आजाराची शक्यता सरासरी ४२ टक्क्यांनी वाढताना दिसली. त्यानंतर अमेरिकी औषध प्रशासनाच्या संशोधकांनी बबून माकडांवर केलेला प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा होता. नवी लस दिलेली माकडे आजारी पडली नाहीत. मात्र त्यांच्या घशात जंतू कित्येक आठवडे राहिला आणि शेजारच्या माकडांना त्यांनी तो दिला. जुनी लस दिलेल्या माकडांच्या घशातून जंतू तुलनेने लवकर गेला. लस घेतलेले शाळकरी भावंड स्वतः धडधाकट राहून बाळाला संसर्ग कसा देऊ शकते, याचे एक उत्तर यात आहे.

भारताच्या सरकारी कार्यक्रमात आजही जुनीच, संपूर्ण जिवाणूची लस आहे. पाच आजारांवरील पेंटाव्हॅलंट लसीत ती असते. खासगी दवाखान्यात मात्र पालकांना हमखास विचारले जाते : ‘दुखणारी देऊ की पेनलेस?’ महागडी ती अधिक चांगली, असा त्यावर अनेकांचा अंदाज असतो. बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ या संघटनेने मात्र एकेकाळी पहिल्या तीन मात्रांसाठी जुन्या लसीलाच पसंती दिली होती. एका दिवसाच्या तापाच्या बदल्यात जास्त टिकणारे संरक्षण, असा हा व्यवहार आहे. तो पालकांना पुरेसा समजावून सांगितला जात नाही.

पहिल्या सहा आठवड्यांचे काय?

खरा पेच इथेच आहे. जन्मतःच ही लस देऊन उपयोग होत नाही आणि सहाव्या आठवड्यातील एका मात्रेने पूर्ण संरक्षण मिळत नाही. मग बाळाला बाहेरून संरक्षण द्यायचे, असा विचार पुढे आला. त्यातील पहिला मार्ग म्हणजे बाळाभोवती कोष विणायचा : आई, वडील, आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या बाई अशा सगळ्यांना बूस्टर द्यायचा. अमेरिका, ऑस्ट्रेलियात तो करून पाहिला गेला. कागदावर उत्तम, प्रत्यक्षात अवघड. बाळंतिणीला लस देता येते, पण बाकीच्या कुटुंबाला गोळा करणे जमत नाही. शिवाय बबूनच्या प्रयोगानंतर लस घेतलेला मोठा माणूस जंतू वाहून नेणारच नाही, याची खात्री उरली नाही.

दुसरा मार्ग अधिक थेट ठरला. गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईला ‘टीडॅप’ ही लस दिली की तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जातात. बाळ जन्मते तेच हे उसने संरक्षण घेऊन. इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत १४ बाळे दगावल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गरोदर महिलांना लस देणे सुरू झाले. तान्ह्या बाळांमध्ये तिची परिणामकारकता ९० टक्क्यांच्या आसपास आढळली. तिथे लस घेणाऱ्या गरोदर महिलांचे प्रमाण एकेकाळी ७० टक्क्यांच्या पुढे होते. २०२३ च्या अखेरीस ते ६० टक्क्यांच्या खाली आले होते. सुरुवातीला उल्लेख केलेली २०२४ ची साथ त्यानंतरची.

ही प्रतिपिंडे काही महिन्यांत विरतात. म्हणून लस प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यावी लागते, आधीच्या बाळाच्या वेळची चालत नाही.

भारतात परिस्थिती काय आहे?

सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर महिलेला ‘टीडी’ लस मिळते. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्पाचा घटक आहे, डांग्या खोकल्याचा नाही. ‘टीडॅप’ खासगीत मिळते. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ‘फॉग्सी’ आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना या दोघीही ती गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत घेण्याची शिफारस करतात. ‘टीडी’च्या दुसऱ्या मात्रेऐवजी ती देता येते. पण खर्च स्वतःच्या खिशातून. परिणामी शहरातील खासगी प्रसूतिगृहात नाव नोंदवलेल्या महिलेला या लसीबद्दल विचारले जाते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणारीला तिचे नावही कळत नाही. नावांत थोडाच फरक असल्याने ‘ती लस झाली आहे’ असा गैरसमजही सहज होतो.

बालकांच्या लसीकरणात देशाची कामगिरी सुधारते आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार एकही मात्रा न मिळालेल्या बालकांची संख्या २०२३ मधील १६ लाखांवरून २०२४ मध्ये ९ लाखांवर आली. तरीही ९ लाख हा लहान आकडा नाही, आणि अशी बालके बहुधा एकाच वस्तीत, एकाच गावात एकवटलेली असतात.

घरात कुणाला डांग्या खोकला झाला तर?

निदानासाठी नाकाच्या मागच्या भागातील स्राव घेऊन पीसीआर चाचणी करतात. खोकल्याच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच तिचा उपयोग. नंतर जंतू सापडत नाही. ही सोय सर्वत्र नाही, त्यामुळे अनेकदा लक्षणांवरूनच उपचार सुरू होतात. ॲझिथ्रोमायसिन हे नेहमी वापरले जाणारे प्रतिजैविक, साधारण पाच दिवसांचा कोर्स. यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते : उबळी सुरू झाल्यावर दिलेल्या औषधाने खोकला लगेच थांबत नाही. श्वासनलिकेचे नुकसान आधीच झालेले असते आणि ते भरून यायला आठवडे लागतात. औषध थांबवते तो प्रसार. पाच दिवसांनंतर रुग्णाकडून इतरांना संसर्ग होत नाही. ‘फरक पडत नाही’ म्हणून दोन गोळ्यांनंतर औषध सोडणाऱ्या माणसाच्या घरात बाळ असेल, तर नुकसान बाळाचे होते.

निदान झाल्यास घरातील इतरांनाही, लस घेतलेली असो वा नसो, प्रतिबंधक म्हणून हेच औषध देण्याची पद्धत आहे. रुग्णाचा खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. हा निर्णय डॉक्टरांचा. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणे महागात पडू शकते, कारण चीनमध्ये या औषधाला दाद न देणारा जंतू मोठ्या प्रमाणावर पसरला आहे आणि जपानमध्येही तो आढळला आहे.

खोकल्याच्या औषधाची बाटली या आजारात कामाची नाही. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विषारी सिरपमुळे मुले दगावली, त्यातील काहींवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवणेही धोक्याचे. मधातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आईला खोकला असेल तरी अंगावरचे दूध थांबवायचे कारण नाही. तिने मास्क लावावा, हात धुवावेत आणि स्वतःचे औषध पूर्ण करावे. बाळाचा श्वास थांबल्यासारखा वाटणे, ओठ निळे पडणे, दूध न ओढणे, झटका येणे यापैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

बाळाची लस कधी आणि उशीर झाला तर?

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट ६, १० आणि १४ आठवड्यांना. डीपीटीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, दुसरा ५ ते ६ वर्षांत. हा दुसरा बूस्टर सर्वाधिक विसरला जातो, कारण तोपर्यंत लसीचे कार्ड कपाटात गेलेले असते. नवे बाळ येणार असेल तर मोठ्या भावंडाचे कार्ड त्याआधी काढून पाहणे सोयीचे. साधी सर्दी किंवा हलका खोकला असला तरी लस देता येते, त्यासाठी तारीख पुढे ढकलावी लागत नाही. पहिली मात्रा चुकली असल्यास पेंटाव्हॅलंट बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत सुरू करता येते. त्यानंतर सात वर्षांपर्यंत डीपीटी देता येते.